बावीस तारखेचा वक्ता

न्हाई न्हाई मुन्शीजी, दऊतीला बूच लावू नका — अजून दिवस हाय, बगा की, त्या चिंचंच्या शेंड्याव ऊन हाय का न्हाई? हाय ना? मग! सभेच्या परवान्यात, इजाजतनाम्यात, काय लिवलंय — दिवस मावळंस्तवर. मावळायला आल्यावर असं न्हाई लिवल्यालं. तुमी निजाम सरकारचा माणूस, तुमाला कायदा मी काय शिकवावा, पण तुमी उठलात की आमची परिषद खलास, हे तुमालाबी ठावं अन् मलाबी. भाषण लिवून घ्यायला सरकारी मुन्शी हजर नसंल तर सभा बेकायदा — म्हणून म्हणतो, बसा. जरा टेका. खुर्ची डुगडुगती व्हय? चौथीच्या वर्गातली हाय ती, थांबा, पायाखाली खापरी सारतो — हां. आता हला बरं. न्हाई हलत. अगं ए, मुन्शीजीला ताक आण गं एक लोटा, मीठ घालून! — ती उमाबाई, आमची घरधनीन. सकाळधरनं उभी हाय बिचारी. सगळेच उभे हायत. पाव्हणा येईल, येईल, हे बगा, धूळ दिसती का तिकडं लिंबागणेशाच्या वाटंला? ... न्हाई, शेरडं हायत.

तुमी बीडहून आलात, तुमाला वाटत आसंल ह्यो मास्तर एका भाषणापायी कावून एवढा कासावीस झालाय. सांगतो ना. मी वैजिनाथ मास्तर, पाटोद्यात सतरा वर्सं ही खानगी शाळा चालवायलोय. परवानगी चौथीपावतर. पण चौथीच्या वर ज्यांना शिकायचं त्यांनी कुठं जावं? बीडला? औरंगाबादला? कुणाच्या बापाची ऐपत हाय? म्हणून म्या दोन सालांमागं वरचा वर्ग काढला. इचारलं न्हाई कुणाला, काढला. अकरा पोरं हायत. एक तर तेलगावहून आलंय, मावशीकडं ऱ्हातंय, जुमितीत, रेघा-कोनांच्या गणितात, असं हाय की मीच त्याला घाबरतो. अन् मग तपासणीला साहेब आले, म्हणले, मास्तर, ह्यो वर्ग कुणाच्या हुकमानं? मी काय सांगणार — माझ्या? लई पाया पडलो. शेवटी साहेब म्हणले, बरं, जिल्ह्यातल्या शाळा चालवणाऱ्यांची रीतसर परिषद भरवा, वरच्या तालमीची, म्हंजे वरच्या शिक्षणाची, गरज हाय म्हणून ठराव करा, अन् कुणीतरी जाणता, डिग्रीवाला इद्वान येऊन त्याच्याव बोलला पायजे. त्याचं भाषण कलमबंद होऊन आमच्याकडं आलं की वर कागद धाडू. न्हाईतर बहमन महिना सरला की वरच्या वर्गाला कुलूप. आज बावीस बहमन, अन् दुसरा इजाजतनामा काय आठ दिवसांत मिळत न्हाई. म्हंजे आज जे तुमी लिवून न्याल त्याच्याव अकरा पोरांचं सगळं. न्हाई लिवलं तर त्यातली चार तर उद्याच कापूस येचायला जातील, आयबाप वाटच बगायलेत.

बरं वक्ते एक न्हाई, दोन ठरलते. औरंगाबादच्या कालिजातले मौलवीसाहेब एक — लई भला माणूस, पण परवा त्यांचं कारड आलं, ताप चढलाय, माफी असावी. आता उरले पुण्याचे प्रोफेसर बद्रीनाथराव. इजाजतनाम्यात फकस्त ह्या दोघांची नावं. तिसऱ्यानं तोंड उघडायचं न्हाई. म्या बी न्हाई! अध्यक्ष आमचे रुद्रप्पाशेठ, त्यांनी फकस्त ‘बसा’ अन् ‘उठा’ म्हणायचं. तुमी हसलात. हसा, पण कायदा तुमचाच हाय.

मुन्शीजी, हे प्रोफेसर म्हंजे साधा माणूस न्हाई बरं. मूळचे आपल्या लिंबागणेशचेच! लहानपणीच पुण्याला गेलते, तितं शिकले, यम्मे झाले, आता तितंच गणित शिकीवतेत, इंग्रजीत पुस्तक लिवलंय. म्या त्यांना कधी बगितलं न्हाई, पण डोळ्यांपुढं हाय माझ्या — लांब कोट, पुणेरी पगडी, सोन्याच्या काड्यांचा चष्मा, अन् बोलणं कसं — एकेक शब्द धुऊन वाळवून ठिवल्यावाणी. त्यांच्यासाठी म्या रुद्रप्पाशेठची बैलांची दमणी सकाळी अंधारात लिंबागणेशच्या फाट्याव धाडलीय, वर नवी गादी. सुग्रीव गाडीवानाला चार डाव बजावलंय, कोट दिसला की जोहार घाल. आता पाच कोसाची वाट, थंडीचे दिवस, बैलं काय... येतील. नाताळची सुट्टी लागलीय म्हणून तर त्यांनी हो म्हणलं. स्वतःच्या हातानं उत्तर धाडलं — ‘जरूर येतो, ठरलेल्या दिवशी पोचतो.’ हे बगा कारड, छातीशी धरून फिरायलोय.

मंडप बगितला का तुमी? नीट बगा. केळीचे खुंट रुद्रप्पाशेठच्या मळ्यातले. पताका सगळ्या उमाबाईनं कापल्या. रंगीत कागद कुठून आणावा पाटोद्यात — सगळं जुनं लिवल्यालं कागद, पोरांच्या परीक्षेच्या वह्या, अन् कविता! कविता काय इचारता. परिषद जाहीर झाल्यापास्नं जो उठतो त्यो कविता घेऊन येतो. आपलीबी कविता वक्त्याच्या आधी म्हणू द्या म्हणतेत. पाटलाचा कारकून, देवळातला गुरव, धरमशाळेतला वैदू — सात जणांनी आणून दिल्या. म्या एकबी वाचली न्हाई. सगळ्या उमाबाईच्या कात्रीखाली. एका बाजूनं लिवल्यालं, दुसरी बाजू कोरी, कोऱ्या बाजूला हळद-कुंकवाचं पाणी मारलं, खळ लावून सुतळीला डकिवल्या — कसं दिसतंय? झ्याक दिसतंय का न्हाई?

अन् आठवी कविता तर — ऐका, तुमाला गंमत सांगतो, तेवढाच येळ जाईल — आइतवारी एक म्हातारा आला. म्या पोरांकडनं स्वागताचं गाणं घोटून घ्यायलोतो, डोकं आधीच उठल्यालं. दारात उभा. गुडघ्यापावतर धुरळा, धोतर खोचल्यालं, खांद्याव घोंगडं, हातात मोडकी छत्री अन् कापडात गुंडाळल्यालं बाड. म्हणला, ‘परिषद हितंच हाय न्हवं?’ म्या म्हणलो, हाय, पण आज न्हाई. तर म्हणतो कसा — ‘आज न्हाई? आरं तिच्या! आज बावीस हाय की!’ एकोणीस बहमनला म्हणतो बावीस हाय! पोरं फिदीफिदी हसली. म्या म्हणलो, बाबा, बुंदीचा वास लई लांबवर गेल्याला दिसतोय, पंगत बावीसलाच हाय, पर बावीस अजून उजडायचीय. धरमशाळा तिकडं मारुतीच्या मागं. अजून गंमत — त्यो काय जाईना. फळ्याकडं बगायला लागला. जुमितीचं गणित हुतं, त्या तेलगावच्या पोराचं. म्हणला, ‘ह्ये कुणी केलं? लई झ्याक केलंय, पर ह्याच्याहून आखूड वाट हाय, दावू का?’ म्या म्हणलो, वाट दारातनं हाय. पोरं पुन्यांदा हसली. त्योबी हसला. मग ते बाड माझ्या मेजाव ठिवलं, ‘पोरांसाठी लिवून आणलंय, ऱ्हाऊ द्या,’ म्हणला, अन् गेला. नाव-गाव? न्हाई इचारलं. इचारायचं काय त्यात. उमाबाई मातर म्हणत हुती, अहो वाचून तरी बगा, अक्षर लई गोड हाय — म्या म्हणलो, अक्षर गोड आसंल, कविता आंबटच निघंल, काप.

घ्या, ताक घ्या. लिवताय काय तुमी? अजून तर कुणी बोललं न्हाई. मीच बोलायलोय. मी काय वक्ता हाय का? ... बरं लिवा, हात मोकळा करून घ्या.

ते बगा, लिंबागणेशचे मास्तर गहिनीनाथबुवा उठून चालले. अहो बुवा! बुवा, बसा की! ... गेले. म्हणतेत गाडी जुपायची. चाळीस जण आलते सकाळी, जिल्ह्यातले सगळे शाळावाले, आता मोजा — न्हाई, मोजू नका. हे आसंच हाय मुन्शीजी. म्या सतरा वर्सांत लोकांना लई वाट बगायला लावलंय. औंदा वर्ग निघंल, फुडल्या साली निघंल.

तुमी रागावू नका, पर तुमच्या तोंडाव लिवलंय, ह्यो मास्तर चौथीपावतरचा, ह्याला वरच्या वर्गाचं येड कुठनं लागलं. मी गेलतो की पुण्याला! व्हय, मी! सोळा वर्साचा हुतो. वडील दुकानदार, लिंगाईत, म्हणले जा, शिक, आपल्यात कुणी शिकलं न्हाई. चार महिने ऱ्हायलो. पहिल्याच दिवशी मास्तरानं नाव इचारलं, म्या उठून म्हणलो, ‘माझं नाव वैजिनाथ हाय’ — सगळा वर्ग हसला. दुसऱ्या दिवशी जिन्यात पोरं म्हणायली, ‘हाय हाय, वैजिनाथ हाय, मोगलाईतून आला हाय.’ म्या बोलणंच बंद केलं. गणित यायचं मला, खरंच सांगतो, सगळ्या वर्गात पहिलं माझं सुटायचं, पर हात वर केला न्हाई. कारण हात वर केला की तोंड उघडावं लागतं. चार महिन्यांनी पेटी उचलली अन् घरी आलो. वडिलांना सांगितलं, तितलं पाणी बाधलं. आजपावतर त्यांना पाणीच ठावं. उमाबाईलाबी पाणीच ठावं. तुमाला कावून सांगितलं मी? ... ते लिवू नका. तेवढं लिवू नका.

म्हणून तर प्रोफेसरांना पत्र लिवताना म्या सात डाव कच्चं केलं. एक शब्द गावंढळ पडू दिला न्हाई. नक्कल हाय माझ्याकडं, वाचतो, ऐका — ‘कृपावंत प्राध्यापक महाशय, आमच्या परिषदेचे मुख्य वक्ते म्हणून आपण येत्या बावीस तारखेस पाटोदा मुक्कामी अवश्य पदार्पण करावे.’ पदार्पण! कसं वाटलं?

कोणची बावीस? कोणची म्हंजे? बावीस म्हंजे बावीस. इजाजतनाम्यात बावीस बहमन, पत्रात बावीस. म्हयना न्हाई लिवला, बरोबर हाय तुमचं. मुद्दामच न्हाई लिवला. आता पुण्याच्या माणसाला ‘बहमन’ काय लिवायचं? त्यांना काय ठावं आमचं अजूर अन् दय अन् बहमन! वाचून हसले असते, म्हणले असते, मोगलाईतलं गबाळं. म्हणून नुसतं ‘येत्या बावीस तारखेस.’ सुटसुटीत. आमच्या हितं तर समद्यांना कळतंय ना कोणची बावीस, सरकारात, शाळेत, कचेरीत फसली सालच चालतंय...

काय म्हणलात? आज बीडचा डाकखाना बंद? कावून? ... नाताळ? आज? पर नाताळ इंग्रजी पंचवीसला असतो मुन्शीजी. म्हंजे आज बहमनची बावीस अन् इंग्रजीची... व्हय, दोन-तीन दिवसांचं आंतर असतंय, मला ठावं हाय, म्या स्वतः वर्गात शिकीवतो की, फळ्याव दोन्ही तारखा...

थांबा. आज बुधवार. पंचवीस. मंगळवार चोवीस. सोमवार तेवीस. आइतवार...

न्हाई. न्हाई न्हाई. तसं न्हाई व्हायचं. त्यांनी इचारून घेतलं असतं ना, एवढा शिकल्याला माणूस. ते आले असते तर सांगितलं असतं, मी अमुक, मी तमुक. कोट असता. त्यो म्हातारा कसा आसंल? त्यो तर ‘न्हवं’ म्हणत हुता, ‘आरं तिच्या’ म्हणत हुता, आपल्यावाणीच बोलत हुता सगळं — अहो, पुण्याला चाळीस वर्सं ऱ्हायल्याला माणूस आपल्यावाणी बोलंल का? म्या चार महिन्यांत जीभ गिळली! आन् लिंबागणेशहून पायी... लिंबागणेशचेच ते. गणपतीला जाऊन, तितनं चालतच आले असतील, गावच्या माणसाला गाडी कशाला लागती. ‘आखूड वाट हाय, दावू का’ म्हणला. गणित शिकीवतेत ते. मुन्शीजी, गणित शिकीवतेत ते!

उठा. उठा जरा, खुर्ची द्या मला. आता कशाची डुगडुगती, द्या हिकडं. अगं ए उमा — ते बाड, आइतवारचं, त्याच्या पताका कोणच्या सुतळीव? कोणच्या? पूर्वेकडल्या? धर खुर्ची. घट धर. ... आली. सुतळी तुटली, तुटू दे. मुन्शीजी, कंदील न्हाई लागत, अजून दिसतंय, वाचता येतंय, मला येतंय — हे अक्षर. कारडावरचं अक्षर. हेच. कारड धरा हो ह्याच्या शेजारी. तुमीच बगा, तुमी अक्षराचे माणूस. हेच हाय का न्हाई? मान हलिवलीत, म्हंजे हेच!

‘...देवळामागच्या पंतोजींच्या शाळेत मी...’ हे तिरपं कापलंय. ही दुसरी — ‘...वरची तालीम म्हंजे परक्याची बोली शिकणं न्हवं, आपल्या...’ — आपल्या काय? फुडचा तुकडा कुठाय? उमा, फुडचा तुकडा बग. हळद लागलीय सगळीकडं. ही बगा, ही — ‘...पहिल्या वर्षी मी तोंड उघडलं की वर्ग हसायचा. मी परत निघालो होतो, पेटी भरली होती, तेव्हा मला एका गोष्टीनं थांबवलं. ती गोष्ट मी आज तुम्हाला...’

हितंच टोक हाय. पताकंचं टोक हाय हितं. संपलं.

ती गोष्ट कुठाय? उमा, ती गोष्ट कुठं गेली गं? कात्रीचं कातरण कुठं टाकलंस? चुलीत? कधी? ... तुला कशाला बोलू. तू म्हणली हुतीस वाचून बगा. रडू नकोस, तुझा काय गुन्हा हाय, तू म्हणली हुतीस.

म्या हाकललं हो त्यांना. पोरांसमोर. जी पोरं शिकावीत म्हणून सतरा वर्सं घासलो त्यांच्यासमोर — अन् कशापायी? माझ्यावाणी बोलले म्हणून! पुण्याची पोरं मला हसली ती निदान परकी हुती. म्या माझ्याच वर्गातल्या पोरांना शिकीवलं, आपल्यावाणी बोलणाऱ्याला हसायचं. तेवढं मातर नीट शिकली ती.

मुन्शीजी, हे कागद भाषण म्हणून चालतील का? जेवढं जुळंल तेवढं जुळवून देतो. बद्रीनाथरावांचंच हाय, इजाजतनाम्यात नाव हाय त्यांचं, अक्षर पटलंय तुमाला. ... न्हाई. तोंडानं बोलल्यालंच पायजे. व्हय, तसंच लिवलंय. अन् मी बोललो तर बिगर इजाजत. तेबी बरोबर हाय. मी तर दुपारपास्नं बोलायलोय.

गेलं का ऊन? चिंचंव दिसत न्हाई मला.

लिवलंत सगळं? पुण्याचं पाणीबी? अन् बुंदीचा वास म्हणलो तेबी? ... असू द्या. खोडू नका. फकस्त खाली एक ओळ घाला, मी सांगतो तशी. ‘आज रोजी वक्ता गैरहजर’ असं तुमचं लिवणं ऱ्हाईल, ते तसं लिवू नका. लिवा — पाव्हणा आलता. बावीस तारखेला आलता. पायी आलता. हजर आमी न्हवतो.

घातली ओळ? मग जावा आता तुमी, थंडी पडायलीय, बीड लांब हाय. मागल्या बाकाव ती अकरा बसलीत, त्यांच्याकडं बगू नका जाताना. अन् खुर्ची तितंच ऱ्हाऊ द्या, वर अजून पताका हायत.